टर्बो गाडी आणि पाच मिनिटांचा उपास

साताऱ्यात टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी घेतली की पहिला सल्ला हमखास मिळतो: "बंद करायच्या आधी पाच मिनिटं चालू ठेव, नाहीतर टर्बो गेला!" परवा पोवई नाक्यावर शेजारचे काका कासहून उतरून आले आणि घड्याळ लावून गाडीतच बसून राहिले. अहो, घाट उतरताना इंजिनावर भार कुठे होता? टर्बो वाटेतच निवला होता.

सल्ला खोटा नाही, जुना आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. पूर्वी तो नुसत्या तेलावरच थंड व्हायचा. तापलेला असताना इंजिन बंद केलं की आतलं तेल जळून कोळसा धरायचं. आता बहुतेक टर्बोंभोवती इंजिन थंड ठेवणारं कूलंटही फिरतं. यवतेश्वरचा घाट दाबून चढलात आणि वर लगेच फोटोला थांबलात, तर मिनिटभर चालू ठेवा. गावात फिरून आल्यावर तेवढीही गरज नाही.

खरं दुखणं वेगळंच. ९९८ सीसीतून १२० पीएस ताकद काढणाऱ्या इंजिनात स्वस्तातलं तेल ओतायचं, तेही मुदत उलटल्यावर! किंवा चढाला वरच्या गिअरमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून धरायचा. त्यात इंधनाचा अवेळी स्फोट होऊन पिस्टनला मार बसतो. आणि पिकअप गेला, शिट्टी वाजतेय, तर नव्या टर्बोचा भाव विचारण्याआधी टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप बघायला सांगा; कधीकधी नुसता क्लिप ढिला असतो.