डोळा, बोट आणि दुपारची सावली

1979 साली किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराचं ‘मॅस्करेड’ हे पुस्तक आलं. पंधरा चित्रं, एक गोष्ट आणि इंग्लंडच्या मातीत पुरलेला सोन्याचा ससा. कोडं घरी बसून सोडवायचं, बाहेर पडायचं ते फक्त खणायला. असं पुस्तक हाती आलं की माणूस चित्रांत खुणा शोधू लागतो. त्या सापडतातच, आणि तिथेच घोळ होतो.

हिशोब करून बघा. प्रत्येक चित्र फक्त दोन पद्धतींनी वाचता येतं असं धरलं, तरी पंधरा चित्रांची 32,768 वाचनं होतात. त्यातलं एखादं शिवाजी पार्ककडे बोट दाखवणारच! म्हणून नियम आधी कागदावर लिहायचा, एका चित्रावर तपासायचा आणि उरलेल्या चौदांना जसाच्या तसा लावायचा. “या चित्रापुरतं जरा वेगळं” असं म्हणावं लागलं, की नियम चुकला समजावं.

विल्यम्सचा नियम असा होता: चित्रातल्या जिवाच्या डाव्या डोळ्यापासून त्याच्या डाव्या हाताच्या सर्वांत लांब बोटावरून रेघ ओढायची आणि चौकटीवरच्या अक्षरापर्यंत न्यायची. मग त्याच डोळ्यापासून डाव्या पायाच्या लांब बोटावरून. मग उजवी बाजू तशीच.

ऐकायला सोपं आहे, पण हात इथेच फसतो. डोळा आणि बोट यांत 4 सेंटिमीटर अंतर असेल आणि चौकट 20 सेंटिमीटरवर असेल, तर बोटापाशी झालेली 1 मिलिमीटरची चूक चौकटीवर 5 मिलिमीटर होते. तेवढ्यात शेजारचं अक्षर येतं. त्यामुळे जाड पेन नको. ट्रेसिंग पेपर, टोकदार पेन्सिल आणि पारदर्शक पट्टी घ्या. झेरॉक्स लहान-मोठी झाली तरी चालते, कारण सगळीकडे सारखंच प्रमाण असेल तर कोन बदलत नाहीत. मोबाइल तिरका धरून काढलेल्या फोटोत मात्र बदलतात. पुस्तकाच्या शिवणीजवळ कागद वाकतो, तिथली रेघही बिघडते.

उत्तर बरोबर आलं हे कसं कळायचं? विल्यम्सने त्याची सोय करून ठेवली होती. पंधरा चित्रांतून पंधरा शब्द किंवा शब्दगट निघतात. त्यांचा अर्थ लावला तर विषुवदिनी (मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा) माध्यान्ही कॅथरीनच्या ‘लांब बोटा’ची सावली जिथे पडते, तिथे खणा असा होतो. शिवाय त्या पंधरांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘अँप्टहिलजवळ’ या अर्थाचे शब्द तयार होतात; अँप्टहिल हे इंग्लंडमधलं गाव. अशी वेगळ्या वाटेने आलेली साक्ष मिळेपर्यंत कुदळीला हात लावू नये.

आद्याक्षरांची ही युक्ती आपल्याला परकी नाही. समर्थ रामदासांच्या नावाने सांगितलं जाणारं, ओळींच्या आद्याक्षरांतून ‘विजापूरचा सरदार निघाला आहे’ असं कळवणारं पत्र आठवा. मराठीत मात्र अक्षर मात्रेसकट धरायचं की नुसतं व्यंजन, हे आधी ठरवावं लागतं. त्या पत्रात ‘विवेके’तून ‘वि’ आणि ‘जाणार’मधून ‘जा’ घेतला आहे, म्हणजे मात्रेसकट.

आता ती सावली. लांब बोट म्हणजे अँप्टहिल पार्कमधला कॅथरीन राणीच्या स्मरणार्थ उभारलेला क्रूस. तिथलं अक्षांश साधारण 52 अंश, त्यामुळे विषुवदिनी माध्यान्ही सावली उंचीच्या 1.28 पट पडते. मुंबईत ती उंचीच्या 0.34 पटच असते. सुमारे 85 मीटर उंचीच्या राजाबाई टॉवरची सावली त्या वेळी साधारण 29 मीटर उत्तरेला जाईल.

पण ‘माध्यान्ह’ म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे इथे 20 मार्चला सूर्य दिवसातला सर्वांत उंच येतो साधारण 12:46 ला, तर 23 सप्टेंबरला 12:31 च्या सुमारास. मार्चमध्ये ठीक बाराला खूण केली, तर टॉवरच्या सावलीचं टोक सुमारे 18 मीटर पश्चिमेला असेल. आणखी एक गोष्ट, सूर्य बिंदू नसून तबकडी आहे. त्यामुळे एवढ्या उंचीच्या सावलीचं टोक जवळजवळ 90 सेंटिमीटरभर पुसट असतं.

कोडं रचणारा विषुवदिन निवडतो त्याला कारण आहे. त्या दिवशी सावलीचं टोक जवळपास सरळ पूर्व-पश्चिम रेषेत सरकतं. गच्चीवर 1 मीटरची काठी ओळंब्याने उभी करा, बारा ते दीड दर दहा मिनिटांनी टोकाशी खडूची खूण करा, खुणा जोडा आणि काठीच्या बुंध्यापासून त्या रेषेवर लंब टाका. लंब जिथे मिळतो तो माध्यान्हीचा बिंदू, बुंध्यापासून साधारण 34 सेंटिमीटरवर. घड्याळाची गरजच नाही. हाच प्रयोग जूनमध्ये केलात तर सावली उलटी, दक्षिणेला पडेल, कारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. (ढग असतील तर काहीच दिसणार नाही, ते वेगळं.)

सशाचं पुढे काय झालं? माइक बार्कर आणि जॉन रूसो या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कोडं रीतसर सोडवलं, जागा खणलीही. पण ससा होता भाजक्या मातीच्या पेटीत, मेटल डिटेक्टरला दाद न देणारा. बहुधा ढेकळांत ती पेटी त्यांच्या नजरेतून सुटली. 1982 मध्ये ससा नेला तो आतली माहिती मिळालेल्या भलत्याच माणसाने. म्हणून खणलेली माती बाजूला फेकायची नाही. चाळायची, ढेकूळ न ढेकूळ फोडायचं.

आपल्याकडे मात्र आधी जागेच्या मालकाची परवानगी घ्या. आणि राजाबाई टॉवर पुरा झाला त्याच 1878 सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं.