मालकाचाही हात लागू नये

जेरुसलेमच्या पश्चिमेला, जुदियाच्या डोंगरात रामात रझिएल नावाची शेतीवस्ती आहे. अलेक्झांड्रियात जन्मलेले आणि जेरुसलेममध्ये इटालियन रेस्टॉरंट चालवणारे एली बेन-झाकेन यांनी 1988 मध्ये तिथे घराशेजारी द्राक्षवेली लावल्या. 1992 च्या हंगामात दोन पिंपे वाइन निघाली, म्हणजे जेमतेम 600 बाटल्या. सदबीज या लिलावसंस्थेच्या वाइनतज्ज्ञ सेरेना सटक्लिफ यांनी ती चाखून मनापासून वाखाणली आणि ‘कास्टेल’चे नाव झाले. ती वाइन तेव्हा कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार चालणारी, नव्हती. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती कोशर पद्धतीने होऊ लागली.

या बदलाचे वजन कळायचे, तर मूळ नियम पाहायला हवा. प्राचीन काळी आसपासचे लोक देवतांना वाइनचे अर्घ्य देत. तसल्या वाइनचा थेंबही आपल्या पेल्यात येऊ नये, म्हणून ज्यू धर्मशास्त्राने ज्यूंखेरीज इतरांनी हाताळलेली वाइनच वर्ज्य ठरवली. त्यामुळे द्राक्षे चिरडल्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंतचे काम शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक सुट्टी, पाळणाऱ्या ज्यूंनीच करायचे, असा आजचा रिवाज आहे. मालक ज्यू असला तरी शब्बाथ पाळत नसेल, तर स्वतःच्या पिंपाची तोटीही त्याला उघडता येत नाही. शिवाय गाळण्यासाठी जिलेटिन किंवा माशाच्या पोटातला पदार्थ चालत नाही. इस्राएलमध्ये वेलीची पहिली तीन वर्षांची फळे वापरता येत नाहीत आणि तयार वाइनचा एक टक्क्याहून थोडा अधिक भाग प्राचीन काळी मंदिरासाठी द्यायच्या दशांशाची आठवण म्हणून ओतून द्यावा लागतो.

यातला एकही नियम चव बिघडवत नाही. कोशर वाइन म्हणजे गोड, पाकासारखी, ही समजूत अमेरिकेतून आली. पूर्व युरोपातून न्यूयॉर्क परिसरात आलेल्या ज्यूंना तिथे सहज मिळाले ते कॉन्कॉर्ड द्राक्ष. ते इतके आंबट आणि उग्र की साखर घातल्याशिवाय त्याची वाइन घशाखाली उतरत नसे. शुक्रवारच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, आणि पेसाह सणाच्या चार पेल्यांना वाइन तर हवीच. 1940 च्या दशकात मॅनिशेविट्झ या ब्रँडच्या नावाने ही गोड वाइन घराघरांत पोहोचली आणि गरजेतून आलेली चव परंपरा म्हणून रुजली.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी याच अडचणीतून वेगळी वाट काढली. काळ्या मनुका भिजवून, त्यांचे सरबत काढून त्यावर किद्दुश म्हणायचा. मनुकाही द्राक्षवेलीचेच फळ, म्हणून आशीर्वादाचे शब्द तेच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, तेच हे लोक.

शनिवारची ही सुट्टी वायनरीत फार अवघड जाते. रस आंबू लागला की साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर वाइन बिघडण्याची भीती. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत हात लावायचा नाही. त्यात द्राक्षांची तोडणी ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात, रोश हशाना, योम किप्पुर आणि सुक्कोथच्या सणांमध्येच येते. मोठ्या कारखान्यात यंत्रे आधीच लावून ठेवता येतात. चार माणसांच्या वायनरीत मात्र कोणते पिंप कधी भरायचे, याचा हिशोब पंचांग समोर ठेवूनच करावा लागतो.

तापवलेल्या वाइनला हाताळणीचे हे बंधन लागत नाही. हॉटेलांत आणि लग्नांत वाढप्यांना ती सोयीची पडते. पूर्वी त्यापायी चव जायची. आता रस किंवा वाइन काही क्षणच तापवून लगेच थंड करतात. तरी दर्जाचा ध्यास घेतलेल्या अनेक छोट्या वायनरी ही सोय नाकारतात, आणि ते मला पटते.

कोशर वाइनच्या दर्जातला बदल एकदम आला नाही. बॅरन एडमंड द रॉथशील्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिशोन लेझिओन आणि झिखरोन याकोव्ह इथे मोठी तळघरे उभारली होती. चवीची खरी झेप मात्र 1983 मध्ये स्थापन झालेल्या गोलान हाइट्स वायनरीने घेतली. 1967 च्या युद्धात सीरियाकडून घेतलेल्या या पठारावरची थंड हवा द्राक्षांना मानवली. कॅलिफोर्नियात जेफ मॉर्गन आणि लेस्ली रड यांनी 2003 मध्ये ‘कव्हेनंट’ ही वायनरी सुरू केली. तिथल्या नापा खोऱ्यातली उत्तम द्राक्षे त्यांच्याकडे होती, पण चालतील असे हात नव्हते. सुरुवातीची वाइन हर्झॉग कुटुंबाच्या वायनरीतल्या शब्बाथ पाळणाऱ्या कामगारांनी केली. मॉर्गन बाजूला उभे राहून काय करायचे ते सांगत.