जुन्या पीसीचा ग्राफिक्स ड्रायव्हर: गुंता कुठून सुरू झाला

विंडोज एक्सपीपर्यंत ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) जवळजवळ पूर्ण कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालायचा. तो कोलमडला की निळा स्क्रीन. व्हिस्टाने डब्ल्यूडीडीएम ही नवी रचना आणून ड्रायव्हरचा मोठा भाग युजर मोडमध्ये, म्हणजे गाभ्याबाहेर नेला. निर्णय योग्यच होता, पण त्यात बरंच चालू हार्डवेअर मागे पडलं.

सर्वाधिक वाद झाला इंटेलच्या ९१५ चिपसेटवरून. त्यातल्या जीएमए ९०० या ग्राफिक्स भागात डायरेक्टएक्स ९ होतं, पिक्सेल शेडर २.० होतं, डब्ल्यूडीडीएम ड्रायव्हर मात्र कधीच आला नाही. नव्या पीसीवर मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिस्टा केपेबल’ (व्हिस्टा चालेल असं सांगणारं) स्टिकर लागायचं; त्यासाठी आधी हा ड्रायव्हर सक्तीचा होता. २००६च्या सुरुवातीला ती अट काढली आणि ९१५वाल्या मशिनींनाही स्टिकर लागलं. ‘प्रीमियम रेडी’ या वरच्या दर्जाच्या स्टिकरला अट कायम राहिली. २००७मध्ये अमेरिकेतले ग्राहक कोर्टात गेले. इंटेलचा ९१५चा माल खपावा म्हणून अट सैल केल्याचं मायक्रोसॉफ्टच्याच अंतर्गत ईमेलमधून बाहेर आलं. व्हिस्टाची होम बेसिक ही साधी आवृत्ती या मशिनींवर चालते, हा मायक्रोसॉफ्टचा बचाव. २००९मध्ये सामूहिक दाव्याची मान्यता गेली. बचाव कागदावर बरोबर असेल, पण एरो (व्हिस्टाचं पारदर्शक खिडक्यांचं रूप) बघून मशीन घेणाऱ्याची ती फसवणूकच होती.

परिणाम अजून भोगावा लागतो. ९१५वर ३२-बिट विंडोज ७ असेल, तर ‘हॅव डिस्क’मधून (ड्रायव्हरची फाइल स्वतः दाखवून) एक्सपीचा ड्रायव्हर बसतो, रेझोल्यूशन नीट मिळतं, एरो नाही. विंडोज ८पासून जुनी रचना बंदच झाली, त्यामुळे तिथे फक्त विंडोजचा स्वतःचा कामचलाऊ बेसिक डिस्प्ले अडॅप्टर उरतो. ९४५वाल्या जीएमए ९५०ला निदान व्हिस्टा-७चा ड्रायव्हर आहे.

पुढे वेगळ्या कार्डांत नावांचा घोळ वाढला. २०१४चं एनव्हिडियाचं जीफोर्स जीटी ७३० फर्मी आणि केप्लर अशा दोन पिढ्यांच्या चिपांवर निघालं. फर्मीवालं ३९१.३५ या ड्रायव्हरवर (मार्च २०१८) थांबतं. केप्लरवाल्याला ४७० शाखेचे ड्रायव्हर चालतात, पण फक्त ६४-बिट विंडोजवर. खोक्यावरून हे कळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी उघडा: डिव्हाइस आयडी ०एफ०२ म्हणजे फर्मी, १२८७ म्हणजे केप्लर. शोध या आकड्यानेच घ्यावा.

ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (कोणत्या हार्डवेअरला तो चालतो याची यादी असलेल्या) आपला आयडी घुसवण्याचा जुगाड एक्सपीवर सर्रास चालायचा. ६४-बिट व्हिस्टापासून ड्रायव्हरला सही सक्तीची झाली. आयएनएफमध्ये एक अक्षर बदललं तरी सही केलेल्या कॅटलॉग फाइलमधल्या हॅशशी (फाइलच्या ठशाशी) ते जुळत नाही, आणि ६४-बिट विंडोज ८पासून इन्स्टॉलेशनच नाकारलं जातं.