स्टेनलेस स्टील बेअरिंग

पाणी, वाफ, खारी हवा, आम्ले, अल्कली किंवा जंतुनाशके यांच्या सततच्या माऱ्यात चालणाऱ्या यंत्रांसाठी गंजरोधक पोलादाचे बनवलेले बॉल किंवा रोलर बेअरिंग. अन्नप्रक्रिया, दुग्धव्यवसाय, औषधनिर्मिती, बाटल्या भरण्याचे कारखाने, कागदगिरण्या, रसायन उद्योग, जहाजांवरील यंत्रे अशा ठिकाणी ते लागते. नेहमीचे बेअरिंग ५२१०० जातीच्या पोलादाचे असते. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १.५ टक्का क्रोमियम असतो. हे पोलाद कठीण आणि भार सोसायला उत्तम, पण त्यावरचा तेलाचा थर धुऊन गेला आणि ओल लागली की लवकरच तांबूस डाग उमटतात. डाग म्हणजे रेसच्या, म्हणजे ज्या कड्यावरून बेअरिंगमधल्या गोळ्या (छर्रे) फिरतात त्याच्या, आरशासारख्या पृष्ठभागावर पडलेला बारीक खड्डा. छर्रे त्या खड्ड्यावरून पुन्हापुन्हा गेले की त्याच्या कडेपासून कपच्या निघू लागतात.

असे बेअरिंग निवडताना दोन समजुती फार महाग पडतात. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, ही पहिली. पोलाद बदलले की काम झाले, ही दुसरी. ओल्या, रसायनांच्या जागी आधी हार मानतात ती बहुधा सील आणि ग्रीस. पोलादाची पाळी त्यानंतर येते. म्हणून आत काय शिरणार आहे, ते कोठून शिरेल आणि किती काळ साचून राहील, हे आधी ठरवावे आणि मगच कॅटलॉग उघडावा.

गंजरोधाचे मूळ : पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असला की हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. तो ओरखडला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा तयार होतो. इंग्लंडमधील शेफील्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये ओतलेल्या पोलादात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. बेअरिंगच्या आजच्या बहुतेक गंजरोधक जाती त्याच घराण्यातल्या, म्हणजे पाणी देऊन कठीण करता येणाऱ्या मार्टेन्सिटिक पोलादाच्या आहेत.

हा थर दोन कारणांनी तुटतो. मीठ, समुद्राचे पाणी आणि हायपोक्लोराइटसारखी जंतुनाशके यांतील क्लोराइड त्याला ठिकठिकाणी भोके पाडते. आणि जेथे ऑक्सिजन पोहोचतच नाही, तेथे तो पुन्हा बसत नाही. बेअरिंगमध्ये अशा फटी जागोजाग असतात : आतली रेस आणि शाफ्ट यांच्यामध्ये, सीलच्या ओठाखाली, छर्रा आणि छर्ऱ्यांना एकमेकांपासून अंतरावर ठेवणाऱ्या केजचा खिसा यांच्यामध्ये. उघड्या पत्र्यावर वर्षानुवर्षे टिकणारे पोलाद बेअरिंगमध्ये लवकर डागाळते ते या फटींमुळे.

पोलादाच्या जाती : बेअरिंगला कठीणपणा लागतो आणि कठीणपणा कार्बनमुळे येतो. पण हाच कार्बन क्रोमियमला धरून त्याची कार्बाइडे बनवतो. कार्बाइडात अडकलेला क्रोमियम गंजरोधाच्या कामी येत नाही. कठीणपणा वाढवावा तर गंजरोध घटतो, गंजरोध वाढवावा तर कठीणपणा घटतो. या क्षेत्रातली सगळी धातुविद्या या ओढाताणीतून वाट काढण्यासाठी आहे.

सर्वांत रुळलेली जात ४४०सी. तिच्यात ०.९५ ते १.२ टक्के कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम असतो; कठीणपणा रॉकवेल सी मापावर साधारण ५८ ते ६०. क्रोमियमचा आकडा पाहून ती ३१६ या गंजाला चांगले तोंड देणाऱ्या जातीच्या तोडीची वाटते, पण त्यातला बराच क्रोमियम कार्बाइडात गेलेला असतो. गोडे पाणी, वाफाळलेली हवा आणि सौम्य साबणाचे द्रावण ती सोसते. मीठ आणि क्लोरीनपुढे टिकत नाही. शिवाय तिच्यातले मोठे कार्बाइड कण रेसला घासून चकाकी देताना आड येतात. त्यामुळे लहान, शांत चालणाऱ्या बेअरिंगसाठी अनेक उत्पादक ०.६५ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असलेली जात घेतात. एकूण क्रोमियम कमी, कार्बनही कमी, म्हणून मोकळा क्रोमियम फारसा घटत नाही. कणही बारीक राहतात.

ओढाताणीवरचा खरा देखणा तोडगा म्हणजे कार्बनची काही जागा नायट्रोजनला देणे. सुमारे ०.३ टक्के कार्बन, ०.३ ते ०.४ टक्के नायट्रोजन, १५ टक्के क्रोमियम आणि १ टक्का मॉलिब्डेनम असलेले पोलाद दाबाखाली पुन्हा वितळवून बनवतात, कारण साध्या दाबाखाली एवढा नायट्रोजन त्यात टिकून राहत नाही. ते ४४०सी इतके कठीण होते, गंजाला तिच्याहून खूपच चांगले तोंड देते आणि त्यातले कण अतिशय बारीक असतात. किंमत अर्थात चढी. विमानांच्या आणि अवकाशयानांच्या यंत्रणांत त्याला मान आहे. थांबलेल्या यंत्राचे नुकसान बेअरिंगच्या किमतीच्या कित्येक पट असेल, तर कारखान्यातही ते परवडते.

३०४ आणि ३१६ या ऑस्टेनिटिक जाती उष्णोपचाराने कठीण होत नाहीत. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ३१६ क्लोराइडला बरीच दाद देत नाही, पण तिच्या रेसवर भार पडला की छर्ऱ्यांचे वण उमटतात. काचेचे किंवा सिरॅमिकचे छर्रे आणि प्लास्टिकची केज घालून, हलक्या भाराला आणि मंद गतीला ती वापरावी. ३०४ चा पत्रा केज आणि शील्ड (बेअरिंगच्या बाजूचे झाकण) यांसाठी सर्रास वापरतात, ते योग्यच आहे.

बेअरिंगला लोहचुंबक चिकटले म्हणून ते बनावट ठरवणे चुकीचे आहे. ४४०सी आणि तिच्यासारख्या सर्व कठीण जाती चुंबकाला चिकटतातच. उलट अजिबात न चिकटणारी रेस मोठा भार सोसेल का, ही शंका घ्यावी.

भार आणि आयुष्य : त्याच मापाच्या साध्या बेअरिंगच्या तुलनेत स्टेनलेसची गतिक भारक्षमता, म्हणजे फिरताना भार सोसण्याची क्षमता, अनेक उत्पादक सुमारे २० टक्क्यांनी कमी धरतात. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. आयएसओ २८१ या मानकानुसार बॉल बेअरिंगचे मूळ आयुष्य क्षमता आणि भार यांच्या गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.८ चा घन ०.५१ येतो, म्हणजे भार तोच ठेवून नुसते पोलाद बदलले, तर कागदावरचे आयुष्य निम्मे होते. रोलर बेअरिंगमध्ये घातांक १०/३ असल्याने घट थोडी आणखी. मात्र हे गणित स्वच्छ, नीट वंगण मिळालेल्या बेअरिंगचे आहे. जेथे साधे बेअरिंग गंजून महिन्याभरात जाते, तेथे हे अर्धे आयुष्यही मोठा लाभ ठरते.

भार जास्त असेल तर एक माप मोठे बेअरिंग घ्यावे, पण भरमसाट मोठे घेऊ नये. भार फार कमी पडला की छर्रे घरंगळण्याऐवजी घसरतात आणि रेस खरवडतात. बॉल बेअरिंगला गतिक क्षमतेच्या साधारण १ टक्का आणि रोलर बेअरिंगला २ टक्के एवढा तरी भार असावा, असा ढोबळ नियम आहे.

सील आणि ग्रीस : शील्ड म्हणजे रेसला न टेकणारा पत्रा. तो धूळ अडवतो, पाणी नाही. ओल्या जागी रेसला टेकणारे रबरी सीलच हवे, आणि त्याचे रबर रसायन पाहून निवडावे. नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंत चालते, तेलाला टिकते आणि बहुतेक ठिकाणी पुरते. फ्लुओरो रबर २०० अंशांपर्यंत जाते आणि अनेक आम्लांना दाद देत नाही. पण गरम, तीव्र कॉस्टिकपुढे त्याच्या नेहमीच्या जाती कडक होऊन तडकतात, आणि महागडे सील लावूनही गळती का, हे कोडे पडते. ईपीडीएम हे रबर वाफेला आणि गरम पाण्याला उत्तम, पण खनिज तेलाच्या ग्रीसने फुगते.

पाण्याच्या माऱ्यात कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स ग्रीस चांगले. ते सहजासहजी धुऊन जात नाही आणि स्वतःच गंज रोखते. अन्नाला चुकून स्पर्श होण्याची शक्यता असेल तेथे एच१ नोंदणीचे ग्रीस लागते. तीव्र रसायने आणि २०० अंशांच्या आसपासचे तापमान असेल तर पीएफपीई (परफ्लुओरोपॉलीईथर) या कृत्रिम तेलाचे ग्रीस. ते भरण्याआधी बेअरिंगमधले जुने तेल पूर्ण काढावे लागते, कारण खनिज तेलात ते मिसळत नाही. दोन ग्रीस एकत्र करायची वेळ आलीच, तर त्यांची सुसंगती आधी तक्त्यात पाहावी. विसंगत ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहून जातात.

जेथे ग्रीसगन नेणे अवघड आहे, तेथे तेल धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र पॉलिमरने आतली मोकळी जागा भरलेली बेअरिंग्ज मिळतात. पाण्याला आत शिरायला जागाच उरत नाही. त्यांची गती आणि तापमान यांवर मर्यादा येते, पण मंद कन्व्हेयरसाठी हा उपाय फार कमी वेळा सुचवला जातो.

बसवणी : घामात मीठ असते, म्हणून बेअरिंग उघड्या बोटांनी हाताळू नये आणि बसवण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढू नये. शाफ्टवर घट्ट बसणारी आतली रेस दाबताना जोर आतल्याच रेसवर द्यावा. बाहेरच्या रेसवर हातोडी मारली की तो जोर छर्ऱ्यांतून जातो आणि रेसवर त्यांचे ठसे उमटतात. स्टेनलेस शाफ्टवर स्टेनलेस रेस सुकी चढवली तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चावून अडकतात. मधे योग्य पेस्ट लावावी. साध्या लोखंडाचा तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवू नये. त्याचे कण पृष्ठभागात रुततात, गंजतात आणि दोष बेअरिंगला लागतो.

देखभाल : सर्वाधिक बेअरिंग्ज बिघडवणारी घटना रोज सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते : शिफ्ट संपल्यावर यंत्र धुणे. चालून ७० अंशांपर्यंत तापलेल्या बेअरिंगवर २० अंशांचे पाणी मारले की आत कोंडलेली हवा आकसते. बाहेरून हवा न शिरता ती २० अंशांपर्यंत उतरली, तर तिचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. हा दाब भरून काढायला सीलच्या ओठावर उभे असलेले पाणी आत ओढले जाते. सील शाबूत असते, पोलाद उत्तम असते, तरी बेअरिंगमध्ये साबणाचे पाणी जाते. उपाय साधे आहेत. यंत्र थोडे निवल्यावर धुवावे, फवारा थेट सीलवर धरू नये, जंतुनाशक ठरलेल्या वेळेनंतर स्वच्छ पाण्याने काढावे, आणि लगेच काही मिनिटे यंत्र रिकामे फिरवावे. ग्रीस भरण्याचे निप्पल असलेल्या बेअरिंगला धुतल्यानंतर ग्रीस द्यावे, म्हणजे आत आलेले पाणी बाहेर ढकलले जाते.

ग्रीस किती द्यायचे याचे सोपे सूत्र आहे : बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ०.००५ ने गुणावे, उत्तर ग्रॅममध्ये येते. ६२०५ मापाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिमी, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. ग्रीसगनच्या एका दाबात किती ग्रॅम येते हे प्रत्येक गनला वेगळे. दहा दाब कागदावर मारून वजन करावे आणि आकडा गनवर लिहून ठेवावा. सीलबंद बेअरिंगला ग्रीस देता येत नाही, आणि ते द्रावकात धुणे म्हणजे ते फेकून देणेच.

गंजरोधी थर पक्का करण्यासाठी सुटे भाग आम्लात बुडवण्याची प्रक्रिया असते. तयार बेअरिंगवर ती कारखान्यात करू नये. ४४०सीसारखी जात चुकीच्या नायट्रिक आम्लाच्या द्रावणात क्षणात काळवंडते आणि रेसची चकाकी जाते.

निदान : काढलेले बेअरिंग कचऱ्यात टाकण्याआधी कापून पाहावे. अशा बिघाडांची नावे आणि वर्गवारी आयएसओ १५२४३ या मानकात आहे. ग्रीस दुधाळ झाले असेल तर पाणी आत गेले आहे. आतल्या रेसच्या भोकात लालसर तपकिरी भुकटी दिसली, तर शाफ्टवरची बसवणी सैल आहे. त्यात पोलादाची जात बदलून काही होत नाही. रेसवर कपडे धुण्याच्या फळीसारख्या आडव्या सारख्या रेघा म्हणजे बेअरिंगमधून वीज गेली. विजेची वारंवारता बदलून गती बदलणाऱ्या ड्राइव्हवरील मोटरींत हे नेहमी दिसते, आणि तेथे सिलिकॉन नायट्राइडचे छर्रे हा खरा इलाज, कारण ते वीज वाहू देत नाहीत.

छर्ऱ्यांच्या अंतराने पडलेल्या खुणा मात्र बारकाईने पाहाव्यात. त्या गुळगुळीत, उथळ खळग्यांसारख्या असतील, तर थांबलेले यंत्र शेजारच्या कंपनांनी थरथरत होते. त्या काळसर आणि खरबरीत असतील, तर पाणी आत असताना यंत्र उभे राहिले आणि छर्रा जेथे टेकला होता तेथेच रेस कोरली गेली. दुसऱ्या प्रकारात आणखी महाग पोलाद मागवण्याआधी धुणे आणि पुढची शिफ्ट सुरू होणे यांत यंत्र किती तास ओले उभे राहते, ते नोंदवहीत पाहावे.