एकविसावा कॉम्प्युटर जोडला की…

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या घाऊक दुकानात पाच-सहा कॉम्प्युटर असतात. ज्याच्यावर टॅलीचा डेटा, त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात, आणि त्यात असतं साधं विंडोज प्रो. मग कोणीतरी सुचवतं, धंदा वाढलाय, आता खरी सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टम घ्या. एवढ्याशा पसाऱ्याला ती लागत नाही.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २०२५ या दोन्हींचा बिल्ड क्रमांक एकच आहे: २६१००. गाभा तोच, डिस्कवर फाइली मांडणारी एनटीएफएस तीच. त्यामुळे महागडी आवृत्ती टाकली म्हणून वीज गेल्यावर डेटा जास्त सुरक्षित राहतो, असं नाही. ते काम यूपीएसचं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि धुळीने पंखा जाम झाला, तर प्रोसेसर तापून आपला वेग कमी करतो. त्यावरही औषध महागडी आवृत्ती नाही, ब्लोअरने सफाई.

फरक परवान्यात आहे. विंडोज प्रोमधल्या शेअर केलेल्या फोल्डरला एका वेळी जास्तीत जास्त २० उपकरणं जोडता येतात. स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीनही त्यात मोजलं जातं. एकविसाव्याला 'आणखी जोडण्या शक्य नाहीत' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. १५ मिनिटं काहीच काम न झालेली जोडणी सिस्टम स्वतः तोडते. म्हणून सकाळी अकराच्या गर्दीत दिसलेला दोष जेवणाच्या सुट्टीत आपोआप जातो, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

दुसरी मर्यादा रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दुरून त्या मशीनवर काम करण्याची. प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. काही जण सिस्टमची फाइल बदलून हे बंधन उडवतात. हे करू नका: परवान्याचा भंग तर होतोच, शिवाय अपडेट आलं की तो जुगाड मोडतो आणि ऐन जीएसटी भरण्याच्या दिवशी कोणालाच आत जाता येत नाही. चार-पाच जणांना एकाच मशीनवर दुरून बसायचं असेल, तर मात्र सर्व्हर आवृत्ती घ्याच. कोटेशन नीट वाचा. स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो, प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा उपकरणाचा कॅल (सर्व्हरला जोडण्याचा परवाना) वेगळा, रिमोट डेस्कटॉपचा आणखी वेगळा.

नुसत्या फाइली वाटायच्या असतील तर डेबियन या फुकटच्या लिनक्स सिस्टमवर सांबा हे फाइली वाटणारं सॉफ्टवेअर टाकलं की २० ची अट नाही आणि परवान्याचा खर्चही नाही. सुरक्षा अपडेट साधारण पाच वर्षं मिळतात. फक्त लिनक्स सांभाळणारा माणूस हाताशी हवा.

बुटीबोरीतल्या कारखान्याचं गणित वेगळं. यंत्रावरचं सॉफ्टवेअर पुरवणारा ठरावीक सिस्टमवरच हमी देतो, आणि यंत्र दहा वर्षं चालवायचं असतं. तिथे रेड हॅटसारख्या लिनक्स पुरवणाऱ्या कंपनीला पैसे द्यायचे ते दहा वर्षांच्या पॅचसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटसाठी. रेड हॅटच्याच लिनक्सचा फुकटचा अवतार असलेल्या सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं सांगितलं होतं. तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपला आणि कितीतरी जणांना घाईने सिस्टम बदलावी लागली.

खरेदीआधी सकाळी अकरा वाजता त्या 'सर्व्हर'वर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'नेट सेशन' (net session) टाइप करा. जोडलेल्या उपकरणांची यादी येते. ओळी मोजा, आठवडाभर रोज. आकडा बारा-तेराच्या पुढे जात नसेल तर ते पैसे बॅकअपच्या दोन एक्स्टर्नल डिस्कवर घाला: दिवसाआड त्या आलटून-पालटून लावायच्या, आणि काढलेली डिस्क मशीनला जोडून ठेवायची नाही.