स्थानिक स्वराज्यातील महिलांचा सहभाग (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामपंचायती, बारा तालुक्यांच्या पंचायत समित्या, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या कारभारात स्त्रियांनी मतदार, सदस्य व पदाधिकारी म्हणून घेतलेला भाग. स्त्रीच्या हाती राज्य असणे या मुलखाला नवे नाही. करवीरची गादीच महाराणी ताराबाईंनी उभी केली. पण राजघराण्यातील कर्तृत्व वेगळे आणि गावच्या चावडीवर बायकांना जागा मिळणे वेगळे. ही जागा मिळाली ती मुख्यतः आरक्षणामुळे.

महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आल्यावर हे प्रमाण किमान एक-तृतीयांश झाले आणि २०११ मध्ये राज्याने ते निम्म्यावर नेले. राखीव जागा सोडतीने व आळीपाळीने ठरतात. प्रभाग ‘महिला’ पडला की ‘कुणाच्या घरातली उभी करायची?’ हा गावातला पहिला प्रश्न असतो. पुढच्या खेपेस तोच प्रभाग खुला झाला, की एव्हाना कामकाज समजू लागलेली सदस्या बरेचदा पुन्हा घरी बसते. ‘सरपंचपती’, म्हणजे महिला सरपंचाच्या नावाने स्वतःच कारभार पाहणारा तिचा नवरा, हे पद कोणत्याही कायद्यात नाही. गावात मात्र त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी, अशीही कायद्यात तरतूद आहे. चारचौघांत, त्यातही सासऱ्या-दिरांसमोर, तोंड न उघडणाऱ्या बायकांना पाणी, शौचालय, दारूचे दुकान यांविषयी बोलता यावे, हा तिचा हेतू. ती कागदोपत्री उरकली जाते की खरोखर भरते, यावर तिचे मोल ठरते.

जिल्ह्यातील सर्वांत गाजलेला ठराव शिरोळ तालुक्यातील हेरवाडचा. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे गावात होऊ नये, असा त्याचा आशय. कल्पना सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या एका सामाजिक संस्थेची. कोविडच्या साथीत अकाली विधवा झालेल्या तरुण स्त्रियांमुळे तिला निकड आली. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातील माणगावनेही असाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे १९२० च्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते. राज्य शासनाने मे २०२२ मध्येच परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले.

अशा ठरावाने शिक्षा करता येत नाही. जुनी रीत मोडू पाहणाऱ्या घराला गावाचा आधार मात्र मिळतो. हेरवाडचे सरपंच तेव्हा पुरुष होते. ठरावाची सूचक आणि अनुमोदक या दोन्ही मात्र महिला सदस्या होत्या, त्यामुळे केवळ सरपंचपदे मोजून हा सहभाग पुरता दिसत नाही.