पहिलं नाव चिकन, म्हणून खाणं चांगलं?

‘कुत्र्याच्या खाण्याच्या पाकिटावर घटकांत पहिलं नाव चिकन असलं की डोळे मिटून विकत घे,’ असं वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुत्र्याचं पिल्लू आणणाऱ्याला कोणी ना कोणी सांगतंच. हे खरं नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट असतं. ताज्या चिकनमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच. खाण्याचे दाणे वाळेपर्यंत ते उडून जातं आणि खाली लिहिलेला तांदूळ किंवा मका प्रत्यक्षात जास्त भरू शकतो. सोडे आठवा: ओली कोळंबी पाटीभर, वाळली की ओंजळभर.

बघायचं ते मागच्या बारीक अक्षरांत. खाणं ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे, आणि वाढीच्या वयासाठी आहे, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आफ्को या अमेरिकी संस्थेच्या निकषांत पिल्लाला, पाणी वगळून, किमान 22.5 टक्के प्रथिनं लागतात. मोठ्या कुत्र्याला 18 पुरतात. लॅब्राडॉरसारखी जात असेल तर मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचंच घ्या. लहान पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, हाडांची वाढ बिघडते. म्हणून वरून कॅल्शियमची पावडर घालू नका, कितीही माया असली तरी.

त्यात आपला पावसाळा. जुलैत एका दुकानात उघड्या पोत्यातले सुटे दाणे मी बोटांत दाबून पाहिले. मऊ पडले होते, कुबट वास येत होता. बुरशीचं विष पिल्लाचं यकृत निकामी करू शकतं. बंद पाकीटच घ्या, महिन्यात संपेल एवढं, आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.